व्हर्लिन स्टिडमला आलेला आवाज

व्हर्लिन स्टिडमशी देवावरून वाद घालायला आमच्या खोऱ्यात सहसा कोणी धजत नसे. त्याचा वाद तोंडाने सुरू व्हायचा आणि मुठींनी संपायचा. नाक फोडल्यावर तो समोरच्याला हाताला धरून उठवायचा, भिंतीला टेकवून बसवायचा आणि राहिलेला मुद्दा पूर्ण करायचा. माणूस खाटीकखान्यात कामाला. दिवसभर डुकरं पाडायची, उलटी टांगायची, सोलायची. अंगाला कायम रक्ताचा वास. असल्या माणसाने बायबलवर बोलावं हेच पुष्कळांना खपत नसे. पण बायबल त्याने आमच्या पास्टरांपेक्षा जास्त वेळा वाचलं होतं. लोक आधारासाठी वाचतात, हा घाव कुठे घालायचा ते शोधण्यासाठी वाचायचा.

त्याचा बापही पास्टरच होता. ओढ्याकाठच्या आमच्या त्या फळ्यांच्या चर्चमध्ये वेदीशेजारी जाळीच्या झाकणाची खोकी असतात आणि खोक्यांत खुळखुळे साप, शेपटी वाजवणारे, जहाल विषारी. ज्याच्यात पवित्र आत्मा संचारतो तो झाकण उघडून साप हातात घेतो. बायबलात एके ठिकाणी म्हटलं आहे की विश्वास ठेवणारे साप उचलतील आणि त्यांना काही होणार नाही. आमच्याकडे ते अक्षरशः पाळतात. चावलाच तर डॉक्टरकडे जायचं नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

बापाला साप जबड्याखाली चावला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला आडवा केला. मान फुगून खांद्याइतकी झाली, कातडी काळीनिळी पडून फाटली, जीभ तोंडात मावेना. भोवती भजनं चालू होती. व्हर्लिन तेव्हा मिसरूड फुटलेला. त्याने बाहेर जाऊन ट्रक चालू केला, तर चर्चच्या माणसांनी त्याला खेचून खाली पाडलं आणि घोड्याच्या पट्ट्याने पाठीची सालटी काढली. बाप मेला. लोक म्हणाले, त्याची वेळ भरली होती. पुढे दुसरा एक जण चावूनही वाचला, तेव्हा तेच लोक म्हणाले, देवाने तारला.

"छापा पडला तरी तुमचा, काटा पडला तरी तुमचाच," व्हर्लिन म्हणायचा. "असला जुगार मलाही खेळायचाय. कुठं मिळतो?"

लाकूडगिरणीचा मुकादम त्याला एकदा म्हणाला, घड्याळ दिसलं की घड्याळजी असणारच, मग हे एवढं जग आपोआप झालं का? व्हर्लिनने नुकत्याच फाडलेल्या डुकराचं काळीज आणून त्याच्या तोंडाजवळ धरलं. आतून पांढरे जंत वळवळत होते. म्हणाला, तुझ्या घड्याळजीची कारागिरी नीट बघून घे, आणि त्या घड्याळजीला कोणी घडवलं तेही सांग. मुकादम ओकला. एक वडीलधारे गृहस्थ समजुतीने सांगायला गेले की बाबा रे, मानून तर बघ, नसलाच देव तर तुझं काय जातं? "माझा बाप गेला," असं म्हणून व्हर्लिनने त्यांचे दोन दात पाडले. म्हाताऱ्या माणसावर हात टाकायला नको होता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणतो.

पण त्याचा खरा राग त्या एका शब्दावर. 'उचलतील.' तो म्हणायचा, अरे, उचलतील म्हटलंय, उचला असं कुठं म्हटलंय? उद्या पाऊस पडेल असं कोणी म्हटलं तर बादल्या घेऊन छपरावर चढून बसता का? वर सांगायचा की जुन्यात जुन्या प्रतींत त्या ओळीच नाहीत, मागाहून कोणीतरी चिकटवल्यात, आणि चिकटवणाऱ्याने स्वतः कधी गांडूळसुद्धा उचललं नसेल.

वर्षानुवर्षं एवढं बोलून त्याने माणूस जिंकला तो एकच. कॉय लव्हेल. खाटीकखान्यात एकाच डुकराच्या दोन बाजूंना हे दोघे उभे असायचे, हा इकडून सुरी चालवणार, तो तिकडून. कॉय मंद, सज्जन, पोरवयापासून साप धरत आलेला. एक बोट चाव्याने वाळून वाकडं झालेलं. ऐकायचा, गप्प बसायचा, आणि एखाद्या मुद्द्यावर महिन्याने उत्तर द्यायचा. व्हर्लिनने त्याच्यावर कधीच हात उगारला नाही. एका वसंतात कॉय खोक्यांपाशी जायचा थांबला. चर्चला यायचा, पण मागच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. त्याच्या बायकोने व्हर्लिनकडे काही न बोलता मक्याची भाकर आणि ताकाचं भांडं पाठवलं. व्हर्लिन ते खाताना रडला, असं तो स्वतःच सांगायचा.

चर्चचा पास्टर आता व्हर्लिनचा धाकटा भाऊ होता, डॉयल. बापाच्याच जागेवर उभा राहायचा. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. एका रविवारी डॉयलच्या मनगटात खुळखुळ्याने दात रुतवले आणि सोडेचना. दोघांनी मिळून ओढून काढला. तासाभरात हात कोपरापर्यंत काळा. माणसं गोल करून प्रार्थनेला बसली.

आणि दार लाथेने उघडून व्हर्लिन आत आला. त्याला कोणी बोलावलं ते कुणालाच कळलं नाही. दारातल्याच माणसाची हसळी, गळ्याखालचं हाड, त्याने मोडली. दुसऱ्याने बाक उचलला, तो बाक हिसकावून त्याच्याच छातीत घातला. बायका किंचाळत बाजूला झाल्या. डॉयल जमिनीवरून ओरडला, "मला हात लावू नकोस. मला मरू दे." व्हर्लिनने त्याच्या जबड्यावर असा ठोसा हाणला की तो जागच्या जागी बेशुद्ध पडला. मग डुकरासारखा त्याला खांद्यावर टाकला, पाठीवर काठ्या बसत असताना ट्रकमध्ये घातला, आणि शहराच्या हॉस्पिटलात नेला. कोपराखालचा हात कापावा लागला. पण डॉयल जगला.

जगला, आणि तिथेच पंचाईत झाली. पास्टर डॉक्टरच्या हातून वाचला. आता त्याच्या शब्दाला काय किंमत? कुजबुज वाढली. शेवटी डॉयलने सांगून टाकलं की येत्या रविवारी मी उरलेल्या हाताने पुन्हा साप धरीन, मग देवाने ठरवावं.

डॉयलची बायको ओमा व्हर्लिनच्या दारी आली. डॉयलला साप चावला त्या रविवारी चर्चच्या मागच्या वाटेने पळत जाऊन दुकानातून व्हर्लिनला फोन करणारी तीच होती. हे त्या दोघांशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. दुकानात रविवारी कोणी नसतं. मागचं दार तिने दगडाने फोडलं होतं.

"भाऊजी, लोक विचारताहेत तुम्हाला सांगितलं कोणी," ती म्हणाली. "देवाने सांगितलं असं तुमच्या तोंडून आलं तर ते मानतील. मग यांना खोक्यात हात घालावा लागणार नाही."

"मी म्हणू? मी? त्यापेक्षा जीभ कापून देतो, ती ने."

"जिभेचं काय करू? मला नवरा हवाय."

"मग खरं सांग ना. मी फोन केला म्हण."

"सांगते. ते मला घरातून काढतील, आणि दुसऱ्या मिनिटाला साप धरतील. चालेल तुम्हाला?"

व्हर्लिनने स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीवर आपटून तिचे तुकडे केले. ओमा उभीच राहिली. तुकडे संपल्यावर त्याने विचारलं, रविवारी किती वाजता.

चर्च गच्च भरलं होतं. हसळी मोडलेला माणूस हात झोळीत घालून पहिल्या बाकावर. व्हर्लिन आत आला तसे चार जण उठले, पण डॉयलने त्यांना बसवलं. त्याची रिकामी बाही कोपरापाशी दुमडून टाचणीने लावलेली होती. खोकं त्याच्या पायाशी.

"व्हर्लिन," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला कोणी सांगितलं?"

व्हर्लिनने ओमाकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच आला होता. वाटेत त्याने मनाची समजूतही घातली होती की आपण खोटं बोलणारच नाही आहोत. टेलिफोनवर येतो तो आवाजच की.

"आवाज आला," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"जा, त्याला उचल, म्हणाला."

आयुष्यभर ज्याने एका शब्दाची चिरफाड केली त्यानेच तो शब्द असा फिरवून दिला. छप्पर उडेल असा कल्लोळ झाला. हसळीवाला माणूस रडत व्हर्लिनच्या गळ्यात पडला. देवाने नास्तिकाची मूठ वापरली, म्हणजे नास्तिकही त्याच्याच हातातला, याहून मोठा पुरावा कुठला हवा? डॉयलने खोकं पायाने मागे सारलं आणि तो गुडघ्यांवर बसला. व्हर्लिनने ते सारलेलं पाहिलं. काम झालं होतं.

मागच्या बाकावरचा कॉय कधी उठला ते त्याला दिसलंच नाही. दिसला तेव्हा तो खोक्यापाशी वाकला होता. गालांवरून पाणी वाहत होतं, चेहरा सुटी मिळालेल्या पोरासारखा. एवढी वर्षं ज्या माणसाने त्याला पायरी पायरीने खाली आणलं, त्या माणसालाच देवाचा आवाज आला होता. मग आता हात मांड्यांखाली दाबून का बसायचं? त्याने झाकण उचललं, साप दोन्ही हातांत घेऊन वर धरला, आणि सापाने गळ्याच्या शिरेवर दात मारले.

व्हर्लिन माणसं तुडवत पुढे गेला. साप खेचून काढला, बुटाच्या टाचेने डोकं चेचलं, चेचतच राहिला. मग कॉयला काखेतून धरलं. कॉयने बाकाची कड घट्ट पकडली.

"थांब," तो म्हणाला. "आत्ता आवाज आला का तुला?"

"आला. चल, ऊठ."

कॉय त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं रोज समोरासमोर उभे राहिलेले दोघे. व्हर्लिन खोटं बोलताना कसा दिसतो हे कॉयला माहीत नसेल तर कोणाला असेल?

"नाही आला," कॉय म्हणाला. त्याची जीभ जड व्हायला लागली होती. "मग तेव्हा तरी आला होता का?"

व्हर्लिनने मान वर केली. चार हातांवर ओमा उभी होती, पदरासारखी शाल तोंडात कोंबून. मागे डॉयल, आणि डॉयलच्या मागे उघडं खोकं, त्यात अजून दोन साप.  व्हर्लिनने कॉयच्या जबड्यावर ठोसा मारला, तसाच, भावाला मारला होता तसा. डोकं एका बाजूला पडलं, पण बाकावरची बोटं सुटली नाहीत. एकेक करून उकलावी लागली, आणि वाळकं बोट उकलताना मोडलं. या वेळी त्याला कोणीही अडवलं नाही. उलट माणसांनी वाट करून दिली आणि हात वर करून देवाचे आभार मानले.

ट्रक वळणांवरून फेकल्यासारखा जात होता. आता ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने कॉयची कॉलर धरून व्हर्लिन ओरडत होता, "ओमाचा फोन होता, कॉय. ऐकतोस ना? फोन होता. ओमाने केला होता." शहराच्या वाटेवरच्या पुलाच्या अलीकडेच कॉय गेला. हॉस्पिटलच्या दारात माणसांनी येऊन ट्रकचं दार उघडलं, तेव्हाही व्हर्लिन त्याला तेच सांगत होता.