वाकोबाचं अंधारातलं वाढप

आमच्या गल्लीच्या टोकाला सत्तर वर्षांचं जुनं चित्रपटगृह आहे. तिथे खेळ चालू असतानाच खुर्चीपुढच्या फळीवर जेवण येतं. एकतीस वर्षं ते एकाच माणसानं वाढलं. मागच्यांच्या आड येऊ नये म्हणून तो कमरेत वाकून चाले, म्हणून सगळे त्याला वाकोबा म्हणत. खुर्च्यांच्या पाठी हातानं मोजत तो अंधारातही बरोबर जागी पोचे.

गेल्या वर्षी एका दुपारी तो पायऱ्यांवर भेटला. मी हाक मारली, तर माझ्या खांद्यापलीकडे बघून हसला. मग हळूच म्हणाला, "साहेब, आवाजावरून ओळखलं तुम्हाला. डोळे गेल्यात जमा आहेत. अंधारात कुणाला कळतंय म्हणा! पण बायको अंथरुणाला खिळलीय, मिळवता मी एकटाच. कुठे बोलू नका."

मी शब्द दिला आणि पाळला. घरीसुद्धा बोललो नाही.

परवा आम्ही नवराबायको तीनच्या खेळाला गेलो होतो. मध्येच यंत्र बिघडलं, आवाज गेला, सगळे दिवे लागले. वाकोबा ट्रे घेऊन वाकूनच चालत होता. आवाज गेला तरी अंधार असेलच, असं त्याला वाटलं असावं. एका खुर्चीतला माणूस नुकताच उठून बाहेर गेला होता. वाकोबा तिथे थांबून कुजबुजला, "सूप गरम आहे हं, सांभाळा."

माझी बायको पहिल्यापासून थट्टेखोर. "अहो वाकोबा, दिवे लागलेत! रिकाम्या खुर्चीला काय जेवू घालताय?"

सगळे हसले. वाकोबा जागीच थिजला. दाराशी उभे असलेले मॅनेजर पुढे आले आणि त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. एकदा तरी सांडलं का, साहेब?"

"उकळतं सूप असतं, काका. कुणी भाजलं तर मी काय तोंड दाखवू?" त्यांनी ट्रे काढून घेतला. "उद्यापासून येऊ नका."

मॅनेजर गेले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

वाकोबानं ते ऐकलं. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. मीच साहेबांना गप्प बसवलं होतं."

ती उठली. त्याचा हात धरून म्हणाली, "चला, घरी सोडते."

मला चला म्हणाली नाही. दिवे मालवले, खेळ पुन्हा सुरू झाला. माझ्यापुढे दोन ताटं होती.