पुठ्ठ्याची घडी

नव्वदीच्या दशकात मी कोलशेतच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. तिथे कारखान्यांसाठी इलेक्ट्रिकचे पॅनल बनायचे. शेवटचं काम माझं असायचं, प्रत्येक स्विचखाली त्याचा नंबर चिकटवायचं. त्यासाठी लेबल छापायचं एक छोटं मशीन होतं. झाकण उघडून आत टेपची कॅसेट बसवायची आणि बटणं दाबायची, की पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे छापून बाहेर यायचे.

हे मशीन एकदा टेबलावरून पडलं आणि कॅसेट धरून ठेवणारा आतला खटका तुटला. तेव्हापासून कॅसेट आत डुगडुगायची. छापताना ती हलली की टेपवरचा दाब सुटायचा आणि आकड्याचा एखादा भाग कोरा राहायचा. आमच्या फिटरने उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा घडी करून कॅसेटच्या बाजूला खोचला. झाकण लावलं की कॅसेट जागची हलत नसे. नवीन मशीनचा विषय तिथेच मिटला.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. ड्रिल मशीनपासून पक्कडीपर्यंत सगळं पुसून मांडायचं. मी हौसेने लेबलचं मशीन उघडलं, कॅसेट काढली, घडी काढली, आतली धूळ ब्रशने झाडली. घडी शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवली. त्याच कागदावर झेंडू निवडणं चाललं होतं. तेवढ्यात आरतीची हाक आली. मी घाईघाईने कॅसेट आत टाकली, झाकण लावलं आणि त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली. नंतर त्या कागदासकट निर्माल्य गोळा झालं आणि खाडीत गेलं. त्यात ती घडीही गेली.

दसऱ्यानंतर पहिला पॅनल डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्याचा होता. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, तिथे इलेक्ट्रिशियन होते. त्यांनीच शब्द टाकून आम्हाला ते काम मिळवून दिलं होतं. पॅनलवर रसायनं ढवळायच्या दहा मिक्सरच्या स्विचच्या दोन रांगा होत्या, वर एक ते पाच, खाली सहा ते दहा. टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. मी लेबलं छापली, कापली, ओळीने चिकटवली. वाचली मात्र नाहीत.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पॅनलसाठी छापताना इंग्रजी आठ आला तो डावीकडून अर्धा कोरा. सरळ सरळ तीन दिसत होता. मी झाकण उघडलं. कॅसेट बोटाने हलत होती. घडी नव्हती.

डोंबिवलीच्या पॅनलवर आठ नंबर बरोबर तीनच्या खाली होता. तिथेही तो असाच छापला असेल, तर एकाखाली एक दोन तीन. भावोजी तीन नंबरचा मिक्सर दुरुस्त करायला गेले आणि त्यांनी खालचा स्विच पाडला, तर ते चालू लाइनवर हात घालणार होते. मी कारखान्यात फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. फिटरला म्हटलं, "मी डोंबिवलीला जाऊन येतो."

"अरे, जेवून तरी जा."

मी थांबलो नाही. दुपारची गाडी रिकामी होती, तरी मला बसवेना. दाराशी उभा राहून मी ताईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य पुरं होत नव्हतं. स्टेशनबाहेर रिक्षा केली. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं, "बरं वाटत नाही का?"

गेटवर भावोजींचं नाव सांगितलं. ते आतून पान चघळत बाहेर आले. मी आधी त्यांचे दोन्ही हात बघितले.

"या मेहुणे! बरं झालं आलात. काय हो, तुमच्याकडे सातानंतर परत तीनच येतात का?"

मी सगळं सांगितलं. पूजा, पुठ्ठा, टेम्पो, न वाचलेली लेबलं. ते ऐकत राहिले, मग पान थुंकून आले.

"काल पाडला ना मी खालचा. तिकडून ऑपरेटर ओरडला, आमचा मिक्सर का बंद केला म्हणून. त्याचा माल वाया गेला. साहेबांनी माझी खरडपट्टी काढली." ते हसले. "आठ नंबर चालू होता म्हणून कळलं. बंद असता तर..."

"तर?"

"टेस्टर लावलाच असता मी," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बहुतेक."

तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

मी खिशातून नवी लेबलं काढली. कॅसेट अंगठ्याने दाबून धरून ती निघायच्या आधी छापली होती. जुनी नखाने खरवडून काढून मी नवी लावली आणि एकेक नंबर भावोजींना मोठ्याने वाचायला लावला. निघताना ते म्हणाले, "हिला यातलं काही बोलू नका. रोज डबा भरताना धास्ती घेईल. आधीच घाबरट आहे."

मी कबूल झालो. तिला सांगायचं धैर्य तसंही माझ्यात नव्हतं, आणि तिची काळजी वाचवण्याच्या नावाखाली माझीच सुटका होते आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

भाऊबीजेला मी वर्तकनगरच्या माझ्या घरून डोंबिवलीला ताईकडे गेलो. ताईने पाट मांडला, ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तिचं कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र दिसत होतं आणि मला मान वर करवत नव्हती.

"काय रे, ताप आहे का तुला?" तिने कपाळाला हात लावला.

"छे. गरम होतंय जरा."

भावोजी खुर्चीत पाय पसरून बसले होते. "अगं, तीन नंबरला लाडू दे की!"

"तीन नंबर काय हो? माझ्या भावाला नाव नाही का?"

"तिसरा लाडू आहे ना त्याचा, म्हणून."

ताई हसली आणि तिने माझ्या ताटात लाडू ठेवला. माझा तो पहिलाच होता. मी तोडलेला घास तोंडात तसाच धरून बसलो.