भिंतीतल्या चुलीची लाकडं

आमच्या वऱ्हाडात माणसासाठी लाकूड विकत आणतात ते एकदाच, आणि तेव्हा तो स्वतः वखारीत गेलेला नसतो. ही गोष्ट अमरावतीत सगळ्यांना ठाऊक होती. मला नव्हती.

कशी असणार? आमच्या चुलीत पऱ्हाट्या जळत. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची, परसात गंजी लावायची, जोडीला तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या, वर्ष निघतं. जळणाला पैसे पडतात हेच मला माहीत नव्हतं. त्यात माझी आठ वर्षं कॅम्पातल्या पाद्रीणबाईंकडे गेली. बाबा तिथे भाजी पोचवत, आणि त्या बाई आपल्या दोन मुलींबरोबर मलाही इंग्रजीतून शिकवत. मी शिकलेही. फक्त बोलायला शिकले नाही. मला दोन भाषा येत आणि दोन्हींत मी गप्प बसे.

आम्ही माळी. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि बाबांनी एका सकाळी वांग्यांचा वाफा उपटून सरकी लावली. पुढच्या साली ते दुसऱ्यांचा कापूस विकत घेऊ लागले. त्याच्या पुढच्या साली त्यांना पोट आलं. आणि मग एका परत निघालेल्या साहेबाचा बंगला त्यांनी सामानासकट घेतला. त्याच्या दिवाणखान्यात, भिंतीच्या पोटात, एक चूल होती.

मोठीमायनं ती चारी बाजूंनी पाहिली. (मोठीमाय म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या काकांची बायको. माझी आई गेल्यापासून घर तिच्या हुकमात.)

"हे काय हाये वं?"

"शेगडी. खोली गरम करायची."

"अमरावतीत?"

"साहेबाच्या देशात फार थंडी असते."

"मंग तिकडंच बांधाची होती," मोठीमाय म्हणाली आणि तिनं त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

त्या पौषात अकोल्याला एक नवा साहेब आला. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीसाठी तो कापूस घेणार होता, आणि अमरावतीची सगळी खरेदी कोणा एकाच माणसाच्या हाती देणार होता. दोघांची नावं त्याच्या मनात होती. एक बाबा, दुसरा बाजारातला एक जुना आडत्या, ज्याच्या घरी तीन पिढ्यांचा तराजू होता. आमच्या घरी तीन पिढ्यांचं खुरपं होतं. बाबांनी बंगल्यात होतं नव्हतं ते घातलं होतं. खरेदी मिळाली नाही तर बंगला विकून पुन्हा वांगी लावायची, हे ते जेवताना इतक्या वेळा म्हणत की मोठीमायनं वांग्याची भाजी करणंच बंद केलं.

ते साहेबाला आणायला अकोल्याला गेले. मूर्तिजापूरहून त्यांनी एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला. गाडीवान व्हरांड्यात उभा राहून पाठ केल्यासारखा म्हणाला, "आज सांजच्याले येऊन राहिले. साहेब संगं हाये. भितीतली चूल पेटवून ठेवजा म्हणते. त्या आडत्याच्या घरी नाई म्हणते तशी. आन साहेबाशी यमुना बोलीन म्हणते."

यमुना म्हणजे मी. शेवटचं वाक्य ऐकून मला हुडहुडी भरली, तेवढ्यापुरती शेगडीची गरज पटली.

पऱ्हाट्या तर भपकन जळून जातात. पाद्रीणबाईंच्या वाचनाच्या पुस्तकात शेगडीचं चित्र होतं. तीत मांडीएवढे जाड ओंडके होते आणि समोर एक मांजर. मांजर आमच्याकडे होतं. ओंडक्यांसाठी मी वखारीत गेले. घरचे गडी सगळे कापसावर, त्यामुळे एकटीच. मला सर्दी झाली होती, नाक लाल, डोळ्यांना पाणी. पदर डोक्यावर ओढून मी वखारीच्या तोंडाशी खाली मान घालून उभी राहिले. मी कुठेही अशीच उभी राहते.

वखारवाले किसनभाऊ एका गिऱ्हाइकाशी मोठ्यानं घासाघीस करत होते. मला पाहून थांबले.

"काय पायजे, माय?"

"लाकडं. जाडी. सुकी पाहिजेत." माझा आवाज सर्दीनं फुटला. "सगळी एकदम. आजच."

किसनभाऊंनी हातातली विडी खाली टाकून पायानं विझवली. ते गिऱ्हाईकही टोपी सारखी करून मागे सरकलं.

"अकोल्याहून येऊन राहिले न?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो. संध्याकाळी पोचतील. बैलांच्या दमणीतून."

"संगं कोण हाये?"

"साहेब."

"साहेब सोता घेऊन येऊन राहिला," ते त्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "मोठा माणूस." मग माझ्याकडे वळून, "अंगानं भरेल हायेत, माय. आठ मणात भागत नाई. दहा मण लावतो."

साहेब जाड आहे हे वखारीपर्यंत पोचलं होतं तर. मला वाटलं, जाड माणसाला थंडी कमी वाजते, मग लाकूड जास्त कशाला? पण हे विचारायला निदान तीन वाक्यं लागली असती.

"भाव?" मी विचारलं. घासाघिशीची मला धास्ती होती. रस्ताभर मी दोन आकडे घोकत आले होते.

"याचा भाव करत नसतेत, माय," किसनभाऊ म्हणाले. "मंग पाहू."

हा माणूस मला फार आवडला.

खरी कमाल पुढे झाली. त्या दिवसांत अमरावतीत कापसाची गाडी कोणासाठी थांबत नसे. वरात आली तरी वरातच बाजूला व्हायची. किसनभाऊंनी रस्त्यात जाऊन एक भरलेली गाडी अडवली, गाडीवानाच्या कानात काही सांगितलं, आणि त्यानं एक शब्द न बोलता सगळा कापूस रस्त्याकडेला उतरवला. दहा मण ओंडके चढले. किसनभाऊंनी आतून चंदनाचा एक ढलपा आणून वर ठेवला. वासासाठी असेल, असं मी समजले. सभ्यतेचे नियम पाद्रीणबाईंनी मला खूप शिकवले होते, पण इतका अदबीचा व्यापार त्यांनीही पाहिला नसता.

मी घरी पोचले आणि बरण्या काढून ओंडके आत नेऊ लागले. थोड्या वेळानं शेजारच्या गिरजाकाकू आल्या. मोठीमायसमोर बसल्या, तिच्या गळ्यात हात टाकला आणि रडू लागल्या. मोठीमायनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही रडू लागली. आणखी चौघी आल्या. मोठीमायचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ती मध्येच पाणी प्यायला आत आली.

"काय झालं, मोठीमाय? कोण गेलं?"

"मले काय मालूम?"

"मग रडतेस कशाला?"

"रडणाऱ्याले अगुदर साथ द्या लागते. कोण मेलं थे मंग इचारता येते," ती म्हणाली, डोळे पुसले आणि पुन्हा बाहेर जाऊन बसली.

तेवढ्यात अंगणात माणसं जमली. भातकुलीकडचे, नांदगाव खंडेश्वराकडचे, बाबांना कापूस घालणारे शेतकरी. बाजाराचा दिवस असल्यानं सगळे गावातच होते. ते ओळीनं बसले, पागोटी काढून मांडीवर ठेवली. साहेबाला पाहायला आले असतील म्हणून मी पाणी नेलं. कोणी घेईना. मी खिडकीशी उभी राहून ऐकलं.

"देवमाणूस होता," एक म्हातारा म्हणाला. "मी वजन वाढवाले कापसात पाणी मारो, थे त्याले कळे. पर कधी बोलला नाई."

"तू पाणी मारे?" दुसऱ्यानं विचारलं.

"तू नाई मारे काय?"

"मी मारो. पर मले वाटे मी एकटाच."

मग सगळ्या रांगेनं मांडीवरची पागोटी उगाच नीट केली.

कोणाबद्दल बोलताहेत, हे मी बाहेर जाऊन विचारायला हवं होतं. पण अंगणात चाळीस पुरुष होते. मी ओंडके रचायला परत गेले.

किसनभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी शेगडीत रचलेले ओंडके पाहिले, मग मला पाहिलं, मग मागच्या माणसांना हळूच म्हणाले, "पोरगी घरातच करून राहिली."

"घरात? असं असते काय कुठं?"

"साहेबाच्या बंगल्यात असत असीन. थे पाय, धूर जायाले वर नळी ठेवेल हाये."

"इंग्रजी शिकवलं न," तिसरा म्हणाला. "मी तवाच म्हणलो होतो."

किसनभाऊ पुढे आले. शेगडीच्या तोंडाशी उकिडवे बसून त्यांनी वितीनं तिची रुंदी मोजली, खोली मोजली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माय, ऐक माझं. यात बसणार नाईत थे."

"कोण?"

"बाबा तुये."

"बाबा यात कशाला बसतील?"

किसनभाऊ माझं डोकं थोपटू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ओंडक्यांकडे पाहिलं. चंदनाच्या ढलप्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात दोन जण मन लावून बांबू बांधत होते. तेव्हा मला सगळं एकदम समजलं.

आता एक वाक्य पुरलं असतं. बाबा जिवंत आहेत. पण ते चाळीस माणसांना सांगायचं, म्हणजे आधी त्यांना काय म्हणून हाक मारायची? काका म्हणावं, भाऊ म्हणावं, की सगळ्यांना मिळून मंडळी? मी 'मंडळी'वर येऊन पोचले होते, एवढ्यात फाटकाशी दमणीच्या घुंगरांचा आवाज आला.

पुढे घोड्यावर साहेब. मागे दमणी. दोन दिवसांच्या खडखडाटानं दमलेले बाबा धुळीपासून जपायला तोंडावरून पांढरी चादर ओढून आत आडवे झाले होते आणि गाढ झोपले होते.

चार जण पुढे झाले. खाली मान घालून त्यांनी दमणीत हात घातले, बाबांना चादरीसकट उचललं आणि खांद्यावर घेतलं. सगळं अंगण उभं राहिलं. साहेबानं हे पाहिलं आणि घोडा थांबवून डोक्यावरची टोपी काढली.

बाबा तुळशीजवळ जागे झाले.

"काहून बे?" चादरीतून आवाज आला.

खांदेकरी थांबले.

"हळू धर न बे, कमर आखडली हाये," चादर म्हणाली.

त्यांनी बाबांना सोडलं नाही, हे त्यांचे उपकार. पण खाली ठेवताना बरीच घाई केली. बाबा उठून बसले. तो पाणी मारणारा म्हातारा सगळ्यांत आधी भानावर आला. त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडू लागला. मग दुसरा. मग रांगेनं सगळेच. (त्यातले काही आनंदानं रडत होते. काहींना आपण मघाशी काय काय कबूल केलं ते आठवत होतं.) "अशी खोटी बातमी उठली म्हणजे आयुष्य वाढते माणसाचं," किसनभाऊ डोळे पुसत सगळ्यांना सांगत फिरत होते. मोठीमायला तर आता कुठे कळलं की ती कोणासाठी रडत होती. तिनं जाऊन बाबांच्या पाठीत एक धपाटा घातला.

साहेब घोड्यावरून उतरून माझ्यापाशी आला. त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे लोक का रडताहेत?"

बाबांनी तिकडून माझ्याकडे पाहिलं. चाळीस रडक्या तोंडांमधून त्यांचं तोंड मला स्पष्ट दिसलं, आणि त्यावर तराजू, खुरपं, बंगला, वांगी सगळं होतं. खरं सांगायचं तर वखारीपासून सुरुवात करावी लागली असती. मी आठ वर्षांच्या शिक्षणातून एक वाक्य वर काढलं.

"बाबा आले म्हणून यांना फार आनंद झाला आहे."

साहेब वळून त्या गर्दीकडे पाहू लागला. मग म्हणाला की शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याला शिव्या दिलेल्या त्यानं पुष्कळ ऐकल्या आहेत, पण खांद्यावरून घरात नेलेलं प्रथमच पाहिलं. दिवाणखान्यात मी शेगडी पेटवली तेव्हा त्यानं पाच मिनिटांत कोट काढला, दहा मिनिटांत खिडक्या उघडायला लावल्या, आणि मग खुर्ची उचलून अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. अमरावतीची खरेदी त्यानं तिथेच बाबांना दिली. त्या आडत्याचं नावही निघालं नाही.

निघताना तो बाबांना म्हणाला, आणि मलाच ते मराठीत सांगावं लागलं, की ही मुलगी नेमकं आणि खरं बोलते; यापुढे कंपनीचा प्रत्येक व्यवहार हिच्याच तोंडून व्हावा. बाबांना तेच हवं होतं. तेव्हापासून रोज सकाळी मी कापसाच्या बाजारात बसते, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगते, आणि संध्याकाळी घसा बसलेला असतो. वखारीत मी एक वाक्य जास्त बोलले असते, तर आज दिवसाला हजार बोलावी लागली नसती.