वामनराव आणि लाथांचा खेळ

वामनरावांना नावं ठेवायची सवय होती असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. सवय कसली, तो त्यांचा धंदाच होता, शेती जोडीला होती एवढंच. हॉटेलातला चहा म्हणजे कपबश्या धुतल्याचं पाणी. सायकल म्हणजे मांड्यांत जोर नसलेल्यांची सोय. ट्रान्झिस्टर म्हणजे रिकामटेकड्यांच्या कानाला लावलेली कटकट. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पंचायत समिती आली होती, धामणगाव बढ्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या चपला आल्या होत्या आणि यातलं काहीएक वामनरावांना विचारून आलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या लेखी ते सगळं फालतू होतं.

एका गोष्टीला मात्र या माणसानं जन्मात नाव ठेवलं नाही. ती म्हणजे हुतूतू.

तरुणपणी वामनराव हुतूतूचे नामी गडी होते. दम धरून समोरच्या अंगणात शिरायचे आणि दोघांतिघांना अंगावर लोंबकळत घेऊन मधली रेघ शिवायचे. त्यातच एकदा डावा कान फाटला. तो फाटका कान ते असा मिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, सरकारनंच दिलाय. वय झालं, पोट सुटलं, तसे ते गड्याचे पंच झाले. दर नागपंचमीला नांगर-वखर बंद, म्हणून त्या दिवशी शाळेमागच्या मैदानात वरचा पुरा आणि खालचा पुरा असा हुतूतूचा सामना व्हायचा. वामनराव फेटा बांधून मधल्या रेघेवर उभे राहायचे आणि हा मेला, तो जिता, असा निवाडा द्यायचे. तहसीलदाराचा शब्द एखादेवेळी फिरेल, वामनरावांचा नाही. वर्षाचे बाकीचे दिवस ते या एका दिवसाच्या जोरावर जगत.

बौद्धपुऱ्यातली माणसं हा सामना काट्याच्या कुंपणापलीकडून बघायची. हुतूतूत अंगाला अंग लागतं, गड्याला कवेत धरून आडवं करावं लागतं, म्हणून त्यांना आत कुणी बोलावत नसे. नको असंही कुणी म्हणत नसे. विषयच निघत नसे. वामनराव खेळाच्या नियमांवर तासभर बोलायचे, पण हा नियम त्यांनी कधी तोंडानं उच्चारला नाही. आणि सगळ्या नियमांत तेवढा एकच कधी मोडला गेला नव्हता.

अशा गावात दयाराम मास्तर बदलून आले. कामठीकडचे, स्वतः बौद्ध, अंगानं किडकिडीत, बोलायला मऊ. त्यांच्या ट्रंकेत दोन सदरे, थोडी पुस्तकं आणि एक कातडी चेंडू होता. संध्याकाळी शाळा सुटली की मास्तर तो चेंडू घेऊन मैदानात यायचे. आधी बौद्धपुऱ्यातली तरणी मंडळी आली. त्यांना गावात पहिल्यांदाच कुणीतरी खेळायला बोलावलं होतं, ती का नाही येणार? त्यात कडूबा नावाचा एक होता, मजुरी करणारा, विशीतला, हरणासारखा पळणारा. मग आठ-पंधरा दिवसांत शेतकऱ्यांची पोरंही चड्ड्या सावरत येऊ लागली. घरातल्या म्हाताऱ्यांनी थोडी कुरकूर केली, पण तोडही त्यांनीच काढली, "चेंडू लागला तं लागला, अंग तं लागत नाही ना." वा रे शहाणे! विटाळ कातड्याच्या चेंडूशीच कसा थांबतो, ते त्यांनाच ठाऊक.

वामनरावांना हे कळलं तेव्हा ते गोठ्यात होते. त्यांनी हातातली पेंड खाली टाकली.

"लाथा मारतेत?"

"हाव," पुतण्या उत्तमराव म्हणाला. हा त्यांच्या थोरल्या भावाचा, अर्जुनरावांचा मुलगा. पायाची कैची घालून गड्याला जागीच बसवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि ही कैची त्याला वामनरावांनीच शिकवली होती.

"दिवसभर बैलं लाथा मारतेत तेवढं पुरत नाही काय बे या गावाले? देवानं हात काऊन देल्ले मंग? अन् हात लावला तं म्हणे गुन्हा होते! ज्या खेळात गड्याले धरता येत नाही, तो खेळ हाय का लपाछपी?"

तरी रोज संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागले. नावं ठेवायची तर आधी बघायला नको? सत्यभामाबाई, त्यांची बायको, चहा देताना म्हणायची, "काहो, पाच वाजले. जा ना, तुमचा फालतू खेळ चालू झाला असंन." यावर वामनराव चहालाच शिव्या द्यायचे आणि घाईघाईनं जोडा घालायचे.

खेळ गावाला लागला तो लागलाच. बाया पाण्याच्या घागरी घेऊन थांबू लागल्या. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पार सोडला. पण हे गाव हुतूतूवर पोसलेलं, त्याला फुटबॉल समजायचा तो हुतूतूसारखाच. चेंडू घेऊन पळणारा पोरगा तोंडानं 'हुतूतूतू' करत पळायचा आणि दम तुटला की आपणहून थांबायचा. मास्तर ओरडून ओरडून थकले की बाबा, श्वास घे, यात श्वास घेतला तरी चालतो.

आषाढात मलकापूरहून रेल्वेतल्या पोरांचा संघ सामन्याला आला. बूट, मोजे, सगळ्यांचे एका रंगाचे सदरे. आमचे वीर अनवाणी. सगळं गाव लोटलं. खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळात मलकापूरच्या एका पोरानं गोल केला. आता झालं ते समजायला हुतूतूचा नियम आठवायला हवा. परक्या अंगणात जाऊन गडी मारला, तरी आपल्या रेघेवर जिता परत आल्याशिवाय तो मोजत नाहीत. गोल झाला तसं अख्खं गाव उठून ओरडलं, "धरा! जाऊ देऊ नका त्याले!" आमच्या दोघा पोरांनी परत निघालेल्या त्या बिचाऱ्याला कमरेत धरून चिखलात आडवं केलं. तिसरा त्याच्या पायावर बसला. तो पोरगा आईला हाका मारू लागला.

मलकापूरवाले धावून आले, दयाराम मास्तर हात जोडत मधे पडले. गावाचं म्हणणं एकच, गडी रेघेवर परत आला नाही, गोल कसला? शेवटी कुणीतरी म्हणालं, पंचाला विचारा. बसल्या जागेवरून वामनराव उठले. आयुष्यभर ज्या आवाजात निवाडे दिले त्याच आवाजात त्यांनी निवाडा दिला.

"गडी मेला. गोल बाद."

मलकापूरची पोरं पोट धरून हसली. त्यांचं काय, परक्यांचं. पण थोड्या वेळानं आपली पोरंही हसायला लागली. तोंडावर हात धरून आधी, मग मोकळी. ज्यांना वामनरावांनी हुतूतूची रेघ आखायला शिकवलं होतं ती पोरं, वामनरावांच्या निवाड्यावर, सगळ्या गावासमोर. वामनरावांनी फेटा काढून काखेत मारला आणि ते घरी निघून गेले. त्या रात्री जेवले नाहीत.

चार दिवसांनी शाळेतून निरोप आला. मास्तरांच्या पोरांना नागपंचमीला त्याच मैदानावर फुटबॉल खेळायचा होता, वरवटच्या संघाशी. वामनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. नागपंचमीचं मैदान गेलं म्हणजे आपण गेलो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते तडक शाळेत गेले.

"मास्तर, फुकट नाही मिळत मैदान. तुमचे लाथा मारणारे घेऊन या अन् आमच्याशी हुतूतू खेळा. जो जितला त्याचं मैदान. कायमचं."

मास्तर मऊपणे म्हणाले, "आमचे सगळेच गडी खेळतील. चालेल ना?"

"हाव हाव, आणा सगळे. एकेकाची हाडं मोकळी करतो."

सगळे म्हणजे कोण, हे रागात या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. ते आलं नागपंचमीला सकाळी. मास्तरांची पोरं सदरे काढून रेघेवर उभी राहिली. बौद्धपुऱ्यातले बाकीचे सवयीनं कुंपणापलीकडेच थांबले होते, पण रेघेवर कडूबा होता. निंबाखाली बसलेल्या अर्जुनरावांनी भावाकडे पाहिलं. वामनरावांनी मास्तरांकडे पाहिलं. स्वतःच 'हाव' म्हणून बसले होते. आता याला नको, हे गावासमोर तोंडानं म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्यांची नव्हती. 'त्याची पाळी यायच्या आधीच डाव आटपू,' असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि हात वर केला.

आणि डाव आटपत आलाच की! लाथा मारणारे ते, हुतूतूत किती टिकणार? मास्तरांकडची शेतकऱ्यांची पोरं एकेक करून चढाईला यायची, उत्तमरावची कैची बसायची, गडी मेला. वामनराव नुसते उधळले होते. "हा बी मेला! घरी जाऊन आईच्या मांडीवर लाथा झाडा म्हणा!" गाव हसत होतं, आणि ह्या खेपेला वामनरावांबरोबर हसत होतं. फाटका कान लाल झाला होता. मास्तरांकडे शेवटी एकच गडी उरला.

कडूबा रेघेवर आला. वाकून त्यानं मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि दम धरून आत शिरला.

समोर साखळी करून सगळे उभे होते. कडूबा एका टोकाला आला तसं ते टोक मागं सरलं. तो दुसऱ्या टोकाला गेला, तेही सरलं. त्यानं हात लांब करून एकाच्या खांद्याला शिवलं, वळून दुसऱ्याच्या पाठीला. शिवलेला धरायला पुढं येतो, हा खेळ. इथं शिवलेला विंचू चावल्यागत बाजूला उडत होता.

"धरा त्याले!" वामनराव सवयीनं ओरडले. "पाहून काय राह्यले बे? धरा!"

कुणी धरलं नाही. साखळीचे हात सुटले. कडूबा दम न तोडता आत आत जात होता, एकेकाला शिवत होता. शेवटी उरला उत्तमराव. कडूबा त्याच्यासमोर हातभर अंतरावर येऊन उभा राहिला, छाती पुढं काढून, पाय फाकून. कैची घालायला याहून सोपा गडी मिळाला नसता. उत्तमरावचे गुडघे वाकले, हात पसरले. तेवढ्यात निंबाखाली अर्जुनराव खाकरले.

उत्तमराव थबकला. त्यानं मान वळवून पंचाकडे पाहिलं.

"काका," त्यानं मोठ्यानं विचारलं, "धरू?"

सगळ्या मैदानानं ऐकलं. इतका वेळ घसा फोडून धरा धरा करणारे वामनराव, त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. एक हो, आणि सामना त्यांचा, मैदान त्यांचं, जन्मभराची पंचकी त्यांची. त्यांचं तोंड उघडलं. निंबाखाली भाऊ बसला होता, भावाशेजारी भावकी बसली होती. तोंड मिटलं. कडूबाचा 'हुतूतूतू' बारीक बारीक होत चालला होता, तरी तो हलेना. उत्तमरावनं काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. मग दुसरं. टाच मागच्या रेघेबाहेर पडली आणि तो आपल्याच पायानं मेला.

कडूबा परत फिरला. पळण्याची गरजच नव्हती. चालत येऊन त्यानं मधली रेघ शिवली, मगच दम सोडला आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला.

"सगळे... बाद," वामनराव म्हणाले. पहिल्या रांगेलाही नीट ऐकू गेलं नाही.

कडूबा सरळ झाला. तोंडावर जिंकल्याची खूण नव्हती. "वामनरावजी, हे काही जितणं नाही. मी अजून एकदा जातो. यावेळी धरा म्हणा त्याईले. नियम तुमचेच. लहानपणापासून काट्याच्या कुपाटीतून पाहून राह्यलो, उत्तमभाऊची कैची कशी लागते ते एकदा पाहाचं होतं मले. हारलो असतो तरी चाललं असतं."

उत्तमराव खाली मान घालून उभा होता. सगळे वामनरावांकडे बघत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाव संपला."

जिंकणाऱ्या गड्याच्या हातात पंचानं नारळ द्यायचा, अशी रीत. कुणीतरी नारळ आणून वामनरावांच्या हातात ठेवला. कडूबानं दोन्ही हात पुढं केले. वामनराव वाकले आणि तो नारळ त्यांनी कडूबाच्या पायांपुढं मातीत ठेवला.

कडूबाचे हात तसेच राहिले, मग हळूच खाली आले. त्यानं नारळाकडं पाहिलं, वामनरावांकडं पाहिलं. तोवर मागून दयाराम मास्तरांची पोरं चेंडू घेऊन मैदानात उतरली होती, त्यांत नुकतीच मेलेली शेतकऱ्यांची पोरंही होती.

"उचला जी ते," कडूबा म्हणाला. "आता इथं खेळ हाय. पायात येईन कोणाच्या."

वामनरावांनी वाकून नारळ उचलला आणि ते मैदानाबाहेर निघून गेले.