पहिली वेळ धाकटीची

आमची धाकटी स्वतः संगीत बनवते आणि क्लबात वाजवते. मी पार्लर चालवते. केसांतलं मला कळतं, त्या धडधडीतलं नाही. पण बहीण माझी आहे, म्हणून तिच्या धंद्यात मी नाक खुपसणारच.

तिला हवं होतं एवढंच, की मोठ्या फेस्टिव्हलला आपलं बुकिंग व्हावं. ते कसं होतं, ऐका. कलाकार निवडणाऱ्यांना आपला मिक्स, म्हणजे गाणी एकात एक गुंफून केलेलं रेकॉर्डिंग, पाठवायचा आणि गप्प बसायचं. पसंत पडला तर बोलावणं, नाहीतर उत्तरसुद्धा नाही. "अगं, निदान 'नको' तरी म्हणावं माणसानं!" मी चिडायचे, ती हसायची. यंदा हसेना. रात्रपाळीची पक्की नोकरी चालून आली होती आणि आई तिच्या मागे हात धुऊन लागली होती. रात्रपाळी घेतली की वाजवणं सुटलं. "हे फेस्टिव्हल हुकलं तर नोकरी घेते," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात निरोप आला: फेस्टिव्हलच्या निवडीच्या बाई क्लबात तिला प्रत्यक्ष ऐकायला येणार. पण धाकटीची वेळ संध्याकाळची पहिली, म्हणजे वेटर अजून टेबलं पुसतोय तेव्हाची. रिकाम्या हॉलात पोरीची शोभा नको, म्हणून मी पार्लरची सगळी गिऱ्हाइकं गोळा केली. बायका आल्या आणि मांडीवर पर्स घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या भिंतीकडेला बसल्या.

आणि आमच्या बाईसाहेबांनी काय लावावं? धिमं! तेही बारीक आवाजात. निवडीच्या बाई कोपऱ्यात बसलेल्या. मी तडक धाकटीजवळ गेले.

"अगं बये, ते तुझं दणदणीत लाव ना!"

"ताई, मुख्य कलाकार माझ्यानंतर आहे. आत्ताच सगळं उधळलं तर त्याला काय उरेल? पहिल्यानं लोकांना फक्त जागं करायचं असतं."

"खड्ड्यात गेला तो! तुझं काय?"

तिनं ऐकलंच नाही. ती बायकांच्या पायांकडे बघत होती. कुणाची टाच हलली की तालात जरासं काहीतरी वाढवायची, पुन्हा थांबायची. माझ्याच्यानं बघवेना. मी तणतणत बाहेर जाऊन उभी राहिले. गेली ही नोकरीत, असं म्हणून रडूही आलं.

आत आले तर पर्सांचा ढीग एका खुर्चीवर आणि बायका मधोमध! ज्या बाईंना माझ्या पार्लरच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत, त्यासुद्धा. हॉल भरत आला होता. मग धाकटीनं हळूहळू आवाज उतरवला आणि पुढच्या कलाकाराला जागा दिली.

निवडीच्या बाई आल्या. "या सगळ्या नातेवाईक का?"

"गिऱ्हाइकं माझी," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

त्या हसल्या. "गर्दी सगळेच आणतात हो. पण पहिली वेळ दिली की प्रत्येकजण पुढच्याचा खेळ आधीच खाऊन टाकतो. मला स्टेज सुरू करून देणारं माणूस हवंय." मग धाकटीला म्हणाल्या, "दुपारी, मैदान रिकामं असताना वाजवशील?"

"परत रिकामं?" मी तोंड उघडलंच. धाकटीनं माझा पाय तुडवला आणि हो म्हणाली. बाहेर पडल्यावर भर रस्त्यात मला मिठी मारून पोर हमसून हमसून रडली. मीही रडले, लाज कसली त्यात!

फेस्टिव्हलचं पोस्टर घरी आलं. मोठी नावं वर, आमची अगदी तळाला. आईनं चष्मा लावून ती ओळ शोधली. "मुंगीएवढं छापलंय," एवढंच म्हणाली आणि पोस्टर घेऊन आत गेली. मला वाटलं, झालं, आता नोकरीचं पुराण परत सुरू.

दुसऱ्या दिवशी नोकरीवाल्यांचा फोन आला. धाकटी आंघोळीला गेली होती, आईनंच उचलला.

"नाही हो, तिला नाही जमायचं," आई म्हणाली. "तिचा कार्यक्रम आहे. तुम्हीही या ना ऐकायला. पण लवकर या हं, पहिलीच आहे ती."