शेवटचं पाणी कुणी चाखायचं

अकरा मासे पोट वर करून तरंगत होते आणि डॉक्टरसाहेब मला विचारत होते, "हे झोपलेत असं मी पेशंटना सांगू का?"

डॉक्टर दातांचे. दवाखाना राहत्या घरातच. आमच्या दुकानाने लावलेली काचेची टाकी दिवाणखान्यात, नेमकी पेशंट बसतात त्या बाकासमोर. ज्याची दाढ आता उपटायची आहे त्याने आधी अकरा मयती पाहाव्यात, हे कुठल्याच धंद्याला बरं नाही. मी जाळीने एकेक मासा काढून डब्यात टाकला. बाकावरचे एक आजोबा गाल धरून उठले आणि "उद्या येतो" म्हणून गेले.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. घरात माशांची टाकी ठेवायचं नवं खूळ मुंबईत आलं होतं, आणि ते पुरवणाऱ्या एका दुकानात मी नोकरीला होतो. काच कापणारा वेगळा, मासे सांभाळणारा वेगळा. माझ्याकडे टाकीच्या तळाची रेती. रेवसचा, खाडीकाठचा माणूस, म्हणजे याला वाळूतलं कळत असणार, असं मालकांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं.

लोकांना वाटतं रेती म्हणजे काय, किनाऱ्यावरून पोतं भरायचं. तसं चालत नाही. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि गोड्या पाण्यातला मासा गळाठतो. म्हणून रेती नदीची लागते. आमची नागोठण्याच्या वरच्या अंगाची, भरतीचं पाणी जिथे पोचत नाही तिथली. पडावातून ती रेवसला उतरायची. चिमूटभर रेतीवर लिंबू पिळायचं. फसफसली तर शिंपला आहे, परत पाठवायची. मग दोन चाळण्या. दाणा तांदळाच्या कणीएवढा हवा. त्याहून जाड असला तर फटीत अन्न अडकून कुजतं. फार बारीक असला तर रेती घट्ट बसते आणि झाडांची मुळं गुदमरतात. शेवटी धुणं, पाणी नितळ येईपर्यंत.

आणि सगळ्यात शेवटी माझी परीक्षा. रविवारी रेवसला जाऊन धुतलेल्या रेतीवरचं शेवटचं पाणी मी चाखायचो. आळणी लागलं की रेती पास. दुकानात मला पदवी अशी नव्हतीच, होती ती जीभ. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा दामोदर चाखल्याशिवाय रेती घेत नाही हो." मी बाजूला नम्रपणे उभा राहायचो. तो नम्रपणा आठवला की आजही कान गरम होतात.

रेती धुवायची ती माझी आत्या. नवरा गेल्यावर तिने पंधरा वर्षं मासळीची पाटी डोक्यावरून वाहिली आणि गुडघ्यांनी रजा मागितली. तेव्हा मीच मालकांना तिचं नाव सुचवलं. बसून करायचं काम, दारातली विहीर, वर सावलीला भेंडीचं जुनं डेरेदार झाड. दर खेपेच्या रेतीला सात पाणी द्यायची हा तिचा स्वतःचा नेम, आम्ही तीनच सांगितली होती. सुकलेली रेती गोणत्यांत भरून ती लाँचवर चढवायची. गावात बायका विचारायच्या, "आत्या, मुंबयचे लोक रेती खातान का गं?" ती म्हणायची, "त्यांचे मासे आपल्यापेक्षा सोवळे हायेत."

दोन वर्षं एक तक्रार आली नाही. मग चैत्रात हे डॉक्टर.

त्यांच्या टाकीत निऑन होते. बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर निळी रेघ, परदेशातून आलेला. फार नाजूक. त्याला पावसाच्या पाण्यासारखं मऊ पाणी लागतं. मुंबईचा नळ त्याला मानवायचा, पण त्यात जरा काही मिसळलं की संपला. मी सगळं तपासलं. नळ तोच, काच स्वच्छ, रेती लिंबाला फसफसत नव्हती. राहिलं धुणं.

रविवारी रेवसला गेलो.

"आत्ये, रेती नीट धुतलीस ना?"

"सात पानी दिलीत."

"मग आता दहा दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दाम्या, रेतीचं पीठ करायचंय का?" पण दिली. दहा नाही, बारा दिली. मी विहिरीवर बसून शेवटचं पाणी चाखलं. आळणी. चांगलं गोड म्हणावं असं.

वैशाखात ती रेती टाकीत गेली. मालकांनी पदरचे नवे मासे दिले. चार दिवसांत त्यातला एक उरला, तोही एका कुशीवर पोहत होता. पाणवनस्पतींची पानं काचेसारखी होऊन गळाली. डॉक्टरांनी टाकीवर चादर टाकली होती.

मालकांनी मला समोर उभं केलं.

"दामोदर, खरं सांग. चूक कुठे आहे?"

आता सांगायला माझ्याकडे दोनच नावं होती, तिचं आणि माझं. नोकरीला सहा वर्षं झाली होती, लग्न ठरलं होतं. मी म्हणालो, "आत्या म्हातारी झाली, मालक. हातून अंगचोरी होते."

"मग तिचं बंद कर."

इतकं सोपं होतं. मला वाटलं होतं ते मोडता घालतील.

सांगायला गेलो तेव्हा आत्या नव्या गोणत्यांची तोंडं शिवत होती. मी म्हणालो, मालकांनी काम बंद केलं.

"का?"

"रेती नीट धुतली जात नाही, म्हणाले."

"ते बोलले? रेवस बघितलाय का त्यांनी कधी?" तिने सुई गोणत्यात टोचून ठेवली. "का तू बोललास?"

मी शिवलेल्या गोणत्यांच्या गाठी तपासू लागलो. त्यातच तिला उत्तर मिळालं.

"बरा हायस," ती म्हणाली. "बारा पानी रेतीला दिलीत मी. तेरावं तू मना दिलंस."

ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधी, माझं लग्न झालं. बायको कर्जतकडची, उल्हास नदीच्या काठावर वाढलेली. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला रेवसला नेलं. आत्याने सुनेला रीतीप्रमाणे गूळ आणि पाणी दिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. बायकोने एक घोट घेतला आणि ती थांबली. मग नवी नवरी म्हणून तिने तो तांब्या संपवला. लाँचवर बसल्यावर हळूच विचारलं, "आत्यांच्या पाण्यात चुकून मीठ पडलं होतं का हो?"

मी हसलो. मग हसायचं थांबलो.

पुढच्या रविवारी त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं. काच कापणारा बेळगावचा. त्याने घोट घेतला आणि मोरीत थुंकला. मालकांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "हे मचूळ आहे रे. हे तुम्ही पिता?"

पितो. जन्मापासून पितो. खाडीकाठच्या विहिरी पावसाळ्यात भरतात, चैत्र-वैशाखात उतरतात आणि खालून खारं पाणी शिरतं. आम्हाला ते कळतही नाही, आमच्या जिभेला तेच गोड. म्हणून दोन वर्षं चालून गेलं होतं. गिऱ्हाइकं गोल्डफिश ठेवायची, आणि तो मासा आमच्यासारखाच, काहीही सोसणारा. निऑन आला नेमका उन्हाळ्यात. सात पाणी द्या नाहीतर बारा, रेतीत मुरायचं ते शेवटचं पाणी, आणि ते त्याच विहिरीचं; रेती सुकली तरी मीठ आतच राहायचं. आत्याने रेती चोख धुतली होती. मी चुकीच्या जिभेने चाखली होती.

"मालक, चूक माझी होती," मी म्हणालो. "आत्याचं काम परत सुरू करू."

"चूक कळली, छान झालं. पण आता रेती इथेच नळाखाली धुतो आपण. रेवसला कशाला धाडायची?"

माझी नोकरी राहिली. चाखण्याचं काम बेळगावकराकडे गेलं.

आत्या मला रेवसच्या धक्क्यावर भेटली. डोक्यावर पाटी होती. दर दहा पावलांनी थांबत होती. मी सगळं सांगितलं, विहीर, मीठ, बाटली. पाटी उतरवून घ्यायला हात पुढे केला, तिने तो कोपराने बाजूला केला.

"पानी खारट होतं, हे तू मना सांगतंस," ती म्हणाली. "आता तुझ्या मालकाला जाऊन सांग, म्हातारी अंगचोर नव्हती."

तेवढं मी सांगितलं नव्हतं. विहिरीचं सांगितलं, माझ्या जिभेचं सांगितलं, तिच्या हातांबद्दल जे बोललो होतो ते मागे घ्यायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक बिल लिहीत होते. "कोण म्हातारी?" म्हणाले.

आत्या त्यानंतर सहा वर्षं पाटी वाहत होती.

रेती धुणाऱ्याला माझा सल्ला एवढाच, शेवटचं पाणी परक्या गावच्या माणसाकडून चाखून घ्यावं. ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा ती दातांच्या डॉक्टरपाशी पोट धरून हसतात आणि पुढचं ऐकायला थांबत नाहीत. मीही थांबवत नाही. आत्याचं घर आता बंद आहे. रेवसला गेलो की विहिरीचं पाणी काढून पितो. भर वैशाखातसुद्धा मला ते गोडच लागतं.