वाघ्या शहाणा झाला

मंडळी, सायबर कॅफेत बसून एका हातानं टाइप करतोय. दुसऱ्या हाताला पट्टी आहे.

सकाळी आमच्या कुत्र्याचा, वाघ्याचा, चिघळलेला कान दाखवायला जनावरांच्या दवाखान्यात गेलतो. टेबल बघताच तो गुरगुरला. थोरला भाऊ म्हणाला, "म्हसरं वठणीवर आणतो मी, ह्यो कोण?" त्यानं म्हशीचं दावं वाघ्याच्या तोंडाला आवळलं आणि पाठीत दोन रट्टे घातले. मी वाघ्याचे पाय दाबून धरले. दावं सुटलं आणि वाघ्या मलाच कडाडून चावला.

डॉक्टर म्हणाले, "पावणं, त्यो मला न्हाय, तुमास्नी भ्यालाय. दोघं भाईर थांबा."

दहा मिनिटांत कान धुऊन झाला. आतून साधं गुरगुरणंही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी धारेच्या वेळी भावानं तेच दावं उचललं, तर वाघ्या जागेवरच मुतला.

"बघ, शाणा झाला की," भाऊ म्हणाला. मीही हसलो.

खरं सांगा, तुमच्या हातात काय दिसलं की तुमच्या घरातलं कुणीतरी असंच शहाणं होतं?